माझा स्वतंत्र चॅनल

३ मार्च १९९७, सोमवार
शेठनी आठ वॉकी-टॉकी आणले. पाच टँकरवर, एक त्यांच्या गाडीत, एक टेलिफोन ऑपरेटर वेणूच्या टेबलावर, एक माझ्या. म्हणाले, जो हे समजून सबको शिकवेल, वो कंट्रोल इनचार्ज. म्हणजे मीच. बारा वर्षं नोकरी झालेला सीनियर क्लार्क. घरी बायकोला, अंजनीला, सांगून टाकलं.

५ मार्च
रेडिओवाला शिकवून गेला. टेकडीवर टॉवर. चॅनल पाच, वापरणाऱ्या कंपन्या तीस. बटण दाबलं की तिथला कॉम्प्युटर रिकामा चॅनल शोधून देतो. बीप आला की बोलायचं, बटण सोडायचं. सोडलं की चॅनल दुसऱ्याला. आपलं पुढचं वाक्य भलत्याच चॅनलवरून. एवढे मोठे शेठ आणि स्वतःचा चॅनल नाही? मी ठणकावून विचारलं. हळू आवाजात, पण ठणकावून.

८ मार्च
तीनदा बिझी टोन. वेणू म्हणाली, थांबा, नंबर लागला की सेटच हाक मारेल. तिला काय कळतं. आमच्या बेलवलीत नळावर नंबराला हंडा ठेवतात. चॅनलवरही ठेवला पाहिजे. सोमवारपासून अंमल.

१० मार्च, सकाळी ११
बटणाला रबरबँड लावला. चॅनल आता आपला. निवांत बसून इनचार्ज झाल्यावरच्या भाषणाची प्रॅक्टिस केली. ड्रायव्हर महिपतीची बेशिस्त, शेठना यातलं शष्प कळत नाही, वगैरे.

दुपारी २
बटण दाबलेलं म्हणजे माइक चालू. बाकी सातही सेटवर ऐकू गेलं. रेडिओवाला म्हणे, एका मिनिटाने चॅनल आपोआप सुटतो. एक मिनिट पुरलं. महिपतीने सोनिवलीहून विचारलं, भाषणाचा पुढचा भाग कधी? शेठनी आपला सेट बंद केला. गंभीर विचार करत असावेत.

१२ मार्च
वेणूने ड्रायव्हरांना दहा मिनिटांत शिकवलं. दाबा, बीप ऐका, बोला, सोडा. वरवरचं ज्ञान. मी अर्ज दिला: एकाग्रतेसाठी स्वतंत्र चॅनल मिळावा.

१७ मार्च, दुपारी १२
इनचार्ज वेणू. असो. माझा अर्ज मात्र मंजूर. स्वतंत्र चॅनल या सिस्टममध्ये बसत नाही, म्हणून स्वतंत्र ग्रुप दिला. ग्रुपबाहेरच्या कुणाला ऐकू जात नाही. शेठनी माझी किंमत ओळखली.

सायंकाळी ५
दुपारभर सूचना दिल्या. एकानेही उलट उत्तर दिलं नाही. महिपतीनेसुद्धा. शेवटी वेणूला विचारलं, माझ्या ग्रुपमध्ये कोण कोण आहे. तिने मान वर न करता सांगितलं, सध्या तुम्ही एकटेच. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. तरी निघण्याआधी एकदा बटण दाबलं. लगेच बीप आला. काय बोलावं ते सुचेना.