विधेयकाआधी आलेली बस

निघोजे, २४ जून २०२५

चि. बुद्धरत्न यास अ. उ. आशीर्वाद व जय भीम.

फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, म्हणून पत्र. तुझ्या भाचीला, साक्षीला, आकुर्डीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, पण सकाळी इथून बस नाही. तुझे दाजी म्हणतात, पोरीनं ट्रकवाल्यांना हात करायचा नाही; बस नसेल तर कॉलेजातून नाव काढायचं. पोरगी धड जेवत नाही रे. आमदारसाहेबांचा पीए आहेस ना? मग काहीतरी कर.

तुझी, सरूआक्का

मुंबई, २ जुलै

ती. आक्का व दाजींस जय भीम, वि. वि.

साहेबांनी विधेयक मांडलं! कारखान्यांकडून निधी घेऊन आसपासच्या गावांना बस द्यायची. यादीत निघोजे मी स्वतः घातलंय. दाजींना म्हणावं, घाई करू नका.

लोभ आहेच, तो वाढवावा.
बुद्धरत्न

निघोजे, १० जुलै

चि. बुद्धरत्न, आशीर्वाद.

तुझं पत्र दाजींनी पारावर वाचलं आणि गाव कामाला लागलं. पत्र्याचा थांबा झाला, त्यावर तुझ्या साहेबांचा फ्लेक्स. सोमवारी हलगी लावून उभे राहिलो. पहिली बस दिसली तिला हार घातला, शेजारच्या सुभद्राबाईंनी नारळ फोडला, साक्षी चढली. तेव्हा ड्रायव्हर तौफिक म्हणाला, की ही कंपनीची गाडी आहे, शिफ्टची माणसं सोडून आकुर्डीला रिकामी चाललीय. आमची तोंडं उतरली. पण नारळ फुटल्यावर पोरीला खाली उतरवणं त्यालाच बरं वाटेना. तेव्हापासून रोज थांबतो. खरी बस कधी येणार?

आक्का

मुंबई, १७ जुलै

ती. आक्कास जय भीम.

अगं, विधेयक मांडणं म्हणजे नुसती मुलगी बघायला जाणं. लग्न पुष्कळदा होतच नाही, आणि तुम्ही वरात काढलीत! साहेबांना भीत भीत सांगितलं. ते पोट धरून हसले, मग म्हणाले, कंपन्यांच्या रिकाम्या बसनी वाटेतली माणसं न्यावीत, हेही कलम घाला. पण कायदा होईपर्यंत तौफिकभाईंची नोकरी जाऊ देऊ नका. मला झोप नाही.

राग नसावा, माया असावी.
बुद्धरत्न

निघोजे, २ ऑगस्ट

चि. बुद्धरत्न, आशीर्वाद.

झोप आता. कंपनीचे साहेब चौकशीला त्याच बसमधून आले. तौफिक घामाघूम. आम्ही काय करणार? त्यांना फेटा बांधला, हार घातला. त्यांनीही भाषण ठोकलं, की गावाची सेवा हेच कंपनीचं धोरण, गाडी रोज थांबेल. फ्लेक्सवर आता त्यांचा फोटो आहे, तुझ्या साहेबांना सांगू नकोस. साक्षी पोटभर जेवते, मला बघून भरून येतं.

एकच काळजी आहे, त्या साहेबांची बदली होतेय. पोरीचं कॉलेजातून नाव काढायला निघालेल्या तुझ्या दाजींनी नव्या साहेबांसाठी हार आजच सांगून ठेवलाय.

कायदा सावकाश कर, पण कर.
तुझी आक्का