वांगी झालेली मरून साडी

अण्णा, ट्यूबलाइटखाली रंग पास करायचा नाही, छापलेला कागद दारात नेऊन उन्हात बघायचा, हे मला तुम्हीच शिकवलंत. मग चामराजपेटच्या आपल्या प्रेसमध्ये त्या दिवशी तुम्ही स्वतः दारापर्यंत का आला नाहीत? साडीच्या दुकानाचा कॅटलॉग होता, मी केलेलं पहिलं मोठं डिझाइन. मी कागद उन्हात धरून सांगते आहे की निळी शाई जास्त सुटतेय, मरून साडी वांग्यासारखी दिसतेय, मशीन थांबवा. दुकानाचे मालक खुर्चीत बसून ऐकताहेत. तेच तुम्हाला झोंबलं. "स्वल्प गप्प बस. माझ्या मशीनवर मला रंग शिकवू नकोस," म्हणालात आणि छपाई चालूच ठेवलीत.

सगळा माल परत आला तेव्हा तुम्ही त्या मालकांना कन्नडमध्ये अगदी शांतपणे सांगितलंत, मुलीनेच कंप्युटरवर रंग बिघडवला. मी तिथेच उभी होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे फाशी देणारे माझे वडील होते. त्यानंतर त्या बाजारात मला कुणी काम दिलं नाही. घरी मात्र तुम्ही माझ्या भातावर जास्तीचं तूप वाढायला लागलात. म्हणजे तुम्हाला कळलं होतं. मला तूप नको होतं, अण्णा. त्या माणसाकडे जाऊन पोरगी बरोबर होती, एवढं सांगायला हवं होतंत. तुमच्या आजारपणात उशाशी बसून मी त्या एका वाक्याचीच वाट पाहिली. तुम्ही पंखा कमी कर म्हणालात आणि झोपलात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

आता मी महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीत डिझाइन करते. माझी सही झाल्याशिवाय आमचं काम छापलं जात नाही. आज बनशंकरीच्या एका प्रेसमध्ये हिरवा रंग मळकट येत होता, म्हणून मी मशीन थांबवायला लावली. मालक आधी कुरकुरले, पण कागद उन्हात पाहिल्यावर "सरी, बरोबर आहे," म्हणाले आणि शाई कमी केली. निघताना त्यांनी विचारलं, ही नजर कुणी तयार केली? कॉलेजात शिकले, असं मी सांगितलं.

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून लिहिते. मी खोटं बोलले. पण ते सुधारायला मी परत जाणार नाही. तुम्हीही गेला नव्हतात.