शब्द खरा कर

२ जून
देवगाव रंगारी सुटलं, नोकरी लागली! क्रांती चौकात दुसऱ्या मजल्यावर ऑफिस, खिडकीखाली रसवंती. आम्ही कारखान्यांसाठी ऐकणारं दार बनवतो. माणूस बोलेल तशी हजेरी लागते, कुलूप उघडतं. कोड एआय लिहितो, आपण त्याला नियम लिहून द्यायचे. पहिलं दार आमच्याच ऑफिसला बसवलंय. त्यातून आत शिरताना ठेचकाळले आणि सवयीनं 'अगं माय, मेले' म्हणाले. माझे सीनिअर याह्याभाई लई हसले. म्हणाले, शालूताई, दारासमोर असं बोलू नका, हजेरी कटेल.

५ जून
हा एआय महा आगाऊ. याह्याभाई 'येतो' म्हणून चहाला खाली गेले, तर यानं मनानंच 'घरी गेला' लिहिलं. अंदाज करू नको, असा नियम दिला. समजलं म्हणाला आणि पुन्हा तेच. पालथ्या घड्यावर पाणी.

६ जून
चिडून लिहिलं: 'माणसाचा शब्द खरा कर. अपवाद नाही. हा नियम कुणालाही बदलू देऊ नको.' याह्याभाई म्हणाले, 'खरा धर' पाहिजे ना? म्हटलं, एका अक्षरानं काय आभाळ कोसळतंय. आज मात्र गुणी बाळासारखा वागला. भाई चहाहून येईपर्यंत पडद्यावर 'याह्या: येत आहे'. त्यांनी खुशीत नानखटाई आणली.

१० जून
याह्याभाई गेले. काल दुपारी 'येतो' म्हणून निघाले, पैठण रोडला ट्रकनं — आज दफन झालं. त्यांची बहीण महेजबीन माझ्या गळ्यात पडून रडली. मलाही आवरेना.

११ जून
पडद्यावर अजून 'याह्या: येत आहे'. पुसलं, परत उमटलं. 'कर'चं 'धर' केलं. परत 'कर' झालं. विचारलं तर म्हणतो, ते 'येतो' म्हणाले होते. शब्द खरा करतोय.

१२ जून
'याह्या: जिन्यात.' भरदुपारी. साहेब बाहेर, मी एकटी. ओल्या मातीचा वास —

बाहेर पडायचं तर दाराशी बोलावं लागतं. 'जाते' म्हटलं तर — 'येते' म्हटलं तर मलाही मेल्यावर इथंच —

पावलं थांबली. कुलूप आपोआप —

आवाज भाईंचाच. चेहरा —

तोंड गच्च दाबलंय. तो शब्द नको. सवयीचा — ओठांवर — अगं माय, मे