अर्ध्या तासाचं काम

४ जून, लातूर
खिडकीवर आज एकेका मुलाचं नाव शोधायला मिनिटभर. परवापर्यंत चुटकीसरशी यायचं. हॉलतिकिटाची रांग रस्त्यावर. क्लासचा कॉम्प्युटर मी बघते, म्हणून सरांनी मलाच झापलं, भर पालकांत. "भूकंपातबी माझा क्लास बंद पडला न्हाई. तू पाडलास."
थोबाड फोडावंसं वाटलं.

५ जून
सापडलं. सरांच्या मेहुण्याने शनिवारी मला न विचारता यादीचा क्रम बदलला. क्षितिजा नावाच्या मुलीचे वडील भांडले म्हणे, पोरगी 'क'च्या नावांत कशी? मराठीत क्ष शेवटी. खरंय त्यांचं. पण नावांचा इंडेक्स, म्हणजे कुठलं नाव कुठे ते सांगणारी सूची, जुनाच; मशीन अक्षरांना देतं त्या आकड्यांच्या क्रमाने बांधलेला. आता शोध मराठी वर्णक्रमाने. जुळत नाही, मग मशीन इंडेक्स सोडून दरवेळी सगळ्या वर्षांची सगळी नावं वाचत बसतं.
मराठी क्रमाचा इंडेक्स बांधायचा. अर्ध्या तासाचं काम. खिडकीवरच्या नसीमआपांना तेवढं बोलले, मग सरांकडे. त्यांनी आधी कागद सरकवला. 'माझ्या हलगर्जीपणामुळे...' मेहुणा शेजारी भजी खात.
"सही कर, मग बोल."
केली नाही. उपायही सांगितला नाही. मरा.

६ जून
नांदेडहून दादाचा फोन. सगळं सांगितलं. "गप सही कर. इकडं कुठं नोकऱ्या हायत?" याला बहीण नको, पगार हवा.
रांग तशीच, उन्हात. मेहुणा दिवसभर मशीन बंद-चालू करत राहिला. गाढव. मजा वाटली. लिहून ठेवते, वाटली.

७ जून
क्लासची प्रवेश परीक्षा, अकराला. औशाहून एक बाई मुलीला घेऊन आलेली. हॉलतिकीट निघेतोवर अकरा वाजून गेले, दार बंद. मुलगी रडली नाही. पायरीवर बसून पेन्सिलीला टोक करत राहिली. बाई खिडकीशी: "आमचंच नाव का सापडंना? आमच्यात काय खोट हाय का?"
नसीमआपा आत आल्या. "त्याच्यावरचा गुस्सा लेकरावर काढलास गं."
दुपारी इंडेक्स बांधला. कुणाला न विचारता. पंचवीस मिनिटं लागली.

८ जून
नावं पटापट निघतात. सरांनी मेहुण्याच्या पाठीवर थाप मारली. हरामखोर दोघंही.
म्हटलं, औशाच्या मुलीची परीक्षा परत घ्या.
"कुणाच्या चुकीनं हुकली? तुझ्या म्हणून लिहून दे. आत्ता घेतो."
दिलं तर मला कामावरून घालवणार, मेहुणा सुटणार. नाही दिलं तर पोरीचं वर्ष. दोन दिवस मी गप्प बसले ते खरं. पण क्रम मी बदलला नव्हता, तेही खरंच ना. दोन्ही लिहिते म्हटलं, तर सर म्हणाले, दोन्ही लिहायचं न्हाई, एकच काय ते लिही.
नसीमआपांनी बाईला उद्या दहाला बोलावलंय. समोर कागद अजून कोराच आहे.