न्यायालयानेही सिनेमाचा परवाना घ्यावा याबाबत

अर्जदार : श्रीमती अ‍ॅग्निस क्लोप्फर,
मालक, लिरिक थिएटर (राहणे त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर),
बॅनक्रॉफ्ट मिल्स, ओहायो.
दिनांक : ५ मार्च १९३५

प्रति,
मा. श्री. लेलँड प्रुइट,
परवाना अधिकारी, नगर कार्यालय,
बॅनक्रॉफ्ट मिल्स.

विषय : येथील न्यायालयात दर सोमवारी विनापरवाना चालणारा सिनेमा बंद करणे, अथवा लिरिक थिएटरच्या परवान्याचे तातडीने नूतनीकरण करणे.

संदर्भ : १) आपले नकाराचे पत्र. २) रविवारी करमणूक चालवल्याबद्दल अर्जदारावर भरलेला व संपता संपत नसलेला खटला.

महोदय,

सविनय अर्ज सादर करण्यात येतो की,

१. अर्जदार ही या गावातील एकुलत्या एक सिनेमागृहाची मालकीण असून पती कै. ऑगस्ट यांच्या पश्चात ते स्वतः चालवते. गावची गिरणी सोमवार ते शनिवार दिवेलागणीपर्यंत चालते. आसपासचे शेतकरी गावात येतात ते रविवारी, चर्चला. म्हणजे ज्या एका दिवशी लोकांना सिनेमाला सवड असते, नेमक्या त्या दिवशी तो दाखवणे गावच्या जुन्या कायद्याने गुन्हा आहे. त्याच दिवशी चर्चच्या मागच्या पटांगणात घोड्याचे नाल फेकण्याचे सामने रंगतात. ती मात्र करमणूक नसून व्यायाम आहे, असा खुलासा आपल्याच कार्यालयाने केलेला आहे.

२. गेल्या डिसेंबरात एका रविवारी अर्जदाराने 'खाणीची वारसदार' या बारा भागांच्या मालिकेचा पहिला भाग दाखवला. पाद्री ओबेड टिलिंगास्ट यांनी तक्रार केली. मार्शलसाहेब अटकेला आले, पण आधी खुर्चीत बसून सगळा भाग त्यांनी पाहिला आणि दिवे लागल्यावर मग अटक केली. अर्जदाराने कारण विचारता ते म्हणाले, "अहो, अर्ध्यातनं उठवलं असतं तर गुन्हा पुरा झाला असं कसं म्हणणार?" या कर्तव्यदक्षतेबद्दल अर्जदाराची तक्रार नाही.

३. खटला उभा राहिल्यावर बारा जणांच्या ज्यूरीने पुरावा पाहायला मागितला. त्यावरून लिरिकचे एक मशीन व ऑपरेटर न्यायालयात हजर करण्याचा हुकूम झाला. भिंतीवर चादर ठोकली गेली आणि जज्ज स्वीझी यांची खुर्ची भिंतीकडे तोंड करून फिरवण्यात आली. पहिल्या भागाच्या शेवटी नायिका खाणीच्या तोंडाशी तुटत्या दोराला लोंबकळते. दिवे लागताच ज्यूरीतले न्हावी ड्यूई स्टॅम उभे राहिले आणि म्हणाले, "जज्जसाहेब, पुढं काय होतं ते बघितल्याबिगर हा सिनेमा चांगल्या चालीचा का वाईट, हे आम्ही कसं ठरवायचं?" जज्जसाहेबांनी थोडा वेळ दोराचा विचार केला आणि हे म्हणणे कायद्यास धरून असल्याचे ठरवले.

४. तेव्हापासून दर आठवड्याला गाडीने येणारी रिळांची पेटी कोर्टाचा शिपाई स्टेशनवरूनच पुरावा म्हणून उचलतो आणि सोमवारी पुढचा भाग होतो. ज्यूरीत गिरणीतली माणसे असल्याने वेळ संध्याकाळची ठेवली आहे, आणि न्यायदान उघड्या दारांनी व्हावे म्हणून सगळ्या गावाला प्रवेश फुकट आहे. शिपायाची बायको व्हरांड्यात मक्याच्या लाह्या विकते. पाद्रीसाहेब फिर्यादी या नात्याने दर वेळी आपला निषेध नोंदवायला येतात. आठव्या भागात खलनायक कुऱ्हाड घेऊन नायिकेच्या पाठीशी उभा राहिला तेव्हा हेच निषेधकर्ते बाकावर चढून ओरडले, "अगं बाई, मागं बघ! मागं!" ते कामकाजात नोंदवलेले नाही, अशी अर्जदाराची खात्री आहे.

५. लिरिकचे एक दार आतल्या बाजूला उघडते म्हणून दोन वर्षांपूर्वी आपल्याच कार्यालयाने अर्जदाराला दंड केला होता. आग लागली तर गर्दी दारावर कोंडेल, हे आपले म्हणणे रास्त होते आणि दार बदलले गेले. न्यायालयाला एकच दार आहे, तेही आतच उघडते. भडकन पेट घेणारी रिळे तेथे शेगडीपासून हातभर अंतरावर फिरतात आणि ज्यूरी चिरूट ओढते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, याहून वेगळे काही सुचत नाही.

६. या सगळ्याला कंटाळून अर्जदाराने तिसऱ्याच सुनावणीत उभे राहून गुन्हा कबूल केला. जज्जसाहेब म्हणाले, "पुरावा पुरता झाल्याशिवाय कबुली घेता येत नाही. खाली बसा." श्री. स्टॅम म्हणाले, "बसा हो क्लोप्फरबाई, तुमचं डोकं आड येतंय!" अर्जदार खाली बसली. आपण गुन्हेगार आहोत हे सिद्ध करण्यासाठी एखाद्या बाईला एवढी खटपट करावी लागल्याचे या राज्यात दुसरे उदाहरण नसावे.

७. आता मूळ मुद्दा. लिरिकचा परवाना या महिनाअखेर संपतो. आपण कळवले आहे की, खटला चालू असेपर्यंत नूतनीकरण करता येणार नाही. खटला मालिका संपेपर्यंत संपत नाही. आणि सोमवारी फुकट पाहायला मिळत असताना मंगळवारी पैसे देऊन लिरिकला कोणी येत नाही. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी गत झाली आहे. धान्याचे व्यापारी गेल्या आठवड्यात येऊन सभागृहाची लांबीरुंदी मोजून गेले. पडदा लावला आहे तिथे पोत्यांची थप्पी चांगली राहील, असे ते अर्जदारासमोरच बोलले. त्या सभागृहातली प्रत्येक खुर्ची ऑगस्टने स्वतःच्या हाताने जमिनीला ठोकलेली आहे. अर्जदाराला याचा संताप येतो, आणि संतापापेक्षा जास्त वाईट वाटते.

८. सबब न्यायालयाने रीतसर परवाना घ्यावा, दार बाहेर उघडणारे करावे, चिरूट बंद करावेत आणि लाह्यांवर कर भरावा. हे जमत नसल्यास सिनेमा दाखवण्याचे काम ज्यांचे आहे त्यांच्याकडे सोपवावे, ही विनंती.

९. काल सोमवारी शिपाई स्टेशनवरून रिकाम्या हाताने परतला, हे आपणास माहीत आहेच, कारण आपण नेहमीप्रमाणे पहिल्या बाकावर होतात. अकराव्या भागाच्या शेवटी खाणीत पाणी शिरले असून ते नायिकेच्या हनुवटीपर्यंत आले आहे. आज सकाळी गिरणीत यावरून दोघांची हाणामारी झाली. आणि त्यानंतर थोड्याच वेळाने आपण स्वतः लिरिकच्या तिकीट-खिडकीशी येऊन टोपी हातात घेऊन म्हणालात, "बाई, परवान्याचं राहू द्या हो. फक्त एवढंच सांगा, ती वाचते का?"

परवान्याचे मी राहू देणार नाही. इथून पुढे 'अर्जदार' म्हणण्याचाही मला कंटाळा आला आहे, तेव्हा सरळच लिहिते. बारावा भाग माझ्याकडे आहे. गेल्या शनिवारी मी माझ्या भावाच्या ट्रकने क्लीव्हलंडला गेले आणि कंपनीकडून तो हातोहात घेऊन आले. न्यायालयाचा हुकूम गाडीने येणाऱ्या पेटीचा आहे, ट्रकने येणाऱ्या बाईचा नाही. तो भाग मी रिकाम्या थिएटरात, ऑगस्टच्या खुर्चीत बसून, एकटीने पाहिला. त्या मुलीचे काय होते ते आज या गावात फक्त मला ठाऊक आहे. याचा सुगावा लागल्यावर पाद्रीसाहेबांनी आत्म्याची भीती घातली, जज्जसाहेबांनी बेअदबीची घातली, तरी मी अवाक्षर काढलेले नाही.

हा भाग येत्या रविवारी, चर्च सुटल्यावर, लिरिकमध्ये लागेल. परवान्याचा कागद शनिवारपर्यंत न मिळाल्यास पेटी सोमवारच्या पहिल्या गाडीने परत जाईल आणि पाणी हनुवटीपाशीच राहील. मार्शलसाहेबांनी अटकेला अवश्य यावे. त्यांनाही तिकीट पडेल.

रविवार सोडून इतर सर्व दिवशी आपली नम्र,
(सही) अ‍ॅग्निस क्लोप्फर

सोबत :
१) मुदत संपत आलेला परवाना.
२) रविवारच्या खेळाचे एक तिकीट, पहिली रांग, आपल्या नावाने राखून ठेवलेले. पैसे खिडकीवर द्यावेत.