विसरभोळी तबकडी

वडगाव, बेळगाव
कोजागरीचा दुसरा दिवस

तीर्थस्वरूप दाजी यांच्या पायाशी धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे नागेंद्रचा, वाकून नमस्कार. (कंबर धरल्यामुळं नमस्कार अर्ध्यातच राहिला आहे, बाकीचा भेटीत.)

तुमचा गुडघा कसा आहे? डावा विचारतोय. उजव्याचं आक्कानं फोनवर पाऊण तास सांगितलं आहे. आक्काची साखर, तुमचा खोकला, परसातली पपई, सगळं ताळ्यावर असेल अशी आशा आहे. इकडं जयाबाईची कंबर धरली होती ती सुटली आणि माझी धरली. घरात एकच कंबरदुखी असल्यासारखी आम्ही ती आळीपाळीनं वापरतो. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकता, ओसरीवर बसता, आणि मग निपाणीत कुणाला काही वेगळं सांगायचं शिल्लक राहत नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही पाकिटातून.

आमचं विणकर वाचनालय तुम्हाला माहीत आहे. खोली विणकर सोसायटीची, सेक्रेटरी मी. चार वर्षांमागं माग विकले, त्यानंतर सकाळी अंघोळ करून सदरा घालून जायला मला ही एकच जागा उरली. तिथं नऊला कुलूप काढायचं, वर्तमानपत्राची घडी मोडायची आणि आतलं पान स्वतःसाठी बाजूला काढून ठेवायचं, एवढंच काम. पण दाजी, ते नसेल तर जयाबाई मला लसूण सोलायला बसवते, आणि मग दिवस संपता संपत नाही. ही खोली आता तरुण मंडळाला तालमीसाठी पाहिजे. (तालीम म्हणजे आरसा लावलेली. पोरं वजन उचलतात आणि आरशात बघतात.) सोसायटीचे चेअरमन जोतिबा आप्पा श्रावणात मला म्हणाले, "पुस्तकं किती हाईत आन कुठली हाईत, ही यादी दसऱ्याच्या सभेत छापून दाव. न्हाय दावलास तर खोली पोरांस्नी." यादीचं जुनं रजिस्टर वाळवीनं खाल्लं आहे. अख्ख्या वाचनालयात तेवढी एकच गोष्ट कुणीतरी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत संपवलेली आहे.

मग आली संगणकाची पाळी. आमचा संगणक एका शाळेनं टाकून दिलेला. त्याची हार्ड डिस्क दोन वर्षांपूर्वी वारली, तेव्हा तुमच्या रचनानं पुण्याहून लिनक्सची तबकडी, म्हणजे सीडी, पाठवली होती. तिला लाइव्ह म्हणतात. तबकडी आत सारायची, बटण दाबायचं, की यंत्र स्वतःच्या पोटातलं काही न वापरता निव्वळ तबकडीवर उभं राहतं, आणि बंद केलं की त्याच्या मनात काही उरत नाही. (आताशा तबकडी कुणी वापरत नाही म्हणे. पण आमचं यंत्र दुसऱ्या कशानं जागं होत नाही.) ती जुनी तबकडी फक्त इंग्रजीत होती. इंग्रजी कुणालाच धड येत नसल्यामुळं दोन वर्षं वाचनालयात शांतता नांदली. लोक यायचे, संगणकावर पत्ते खेळायचे आणि जेवायच्या वेळेला घरी जायचे. भाद्रपदात रचनानं नवी आवृत्ती पाठवली, सोबत चिठ्ठी, की मामा, ह्यात आता मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत, मराठीचं काम मी स्वतः केलंय. दाजी, पोरगी गुणाची आहे, शिकलेली आहे. पण निपाणीत लहानाची मोठी होऊन हा असला जोडआहेर बेळगावला पाठवू नये, एवढं तरी तिला घरात कुणी शिकवायला हवं होतं.

उद्घाटनाला सोसायटीचं सगळं मंडळ हजर होतं. नारळ फुटला, तबकडी आत गेली, आणि पडद्यावर भाषांची यादी आली. वर कन्नड, खाली मराठी, आणि तळाला तीसपासून उलटे मोजले जाणारे आकडे. तेवढ्या सेकंदांत भाषा निवडली नाही तर यंत्र आपलं आपण इंग्रजी घेतं. जोतिबा आप्पा ताडकन उठले. "त्ये वर आन आपुन खाली? ही यादी केली कुनी?" उपाध्यक्ष भरमाण्णा म्हणाले, "वर हाय तर वरचंच दाबायचं की. सरळ हाय." (कन्नडसाठी भरमाण्णा भांडले ते अस्खलित मराठीत, आणि मराठीसाठी आप्पांनी ज्या शिव्या घातल्या त्या सगळ्या कन्नड होत्या. रागात माणूस सोयीची भाषा घेतो.) तोवर तीस सेकंदं संपली आणि इंग्रजी आलं. बंद केलं, परत चालू केलं, परत भांडण, परत इंग्रजी. असं सात वेळा झालं. जयाबाई चहा घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "भांडा तुमी. तवर इंग्रज आत येऊन बसतोय बघा." मंडळानं तिचा निषेध केला आणि चहा घेतला.

शेवटी वार वाटून घेतले. सोम, बुध, शुक्र मराठी, मंगळ, गुरू, शनी कन्नड, रविवारी तबकडीला सुट्टी. पण ही बया रोज सकाळी नव्यानं विचारणार, कोणती भाषा? आपल्या भागात सत्तर वर्षांत कुणी काही म्हणून विसरलेलं नाही. कोणत्या बोर्डावर काय लिहिलं होतं आणि कुणी काळं फासलं होतं, ते तारखेनिशी सांगणारी माणसं आमच्या कट्ट्यावर बसतात. आणि त्यांच्यात ही तबकडी, जिला कालचं आठवत नाही. रोज सकाळी करार वाचून दाखवायची वेळ यायची.

यादी टाइप करायला आमची सून माधवी बसली. तिनं पहिल्या दिवशी एकशेसाठ पुस्तकं घातली. संध्याकाळी मी मागाच्या सवयीनं मेन स्विच खाली केला आणि घरी गेलो. सकाळी बघतो तर एक पुस्तक नाही! आता तुम्हीच सांगा, माग बंद केला म्हणून विणलेलं लुगडं कधी उसवतं का? वीज गेली तर धोटा जिथं थांबला तिथनंच दुसऱ्या दिवशी पुढं चालतो. चाळीस वर्षं आम्ही याच विश्वासावर झोपलो. रचनाला फोन केला तर ती म्हणाली, "मामा, ते लक्षात ठेवत नाही. पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा." पेनड्राइव्ह झेरॉक्सवाल्या सौरवकडं होता, पण त्यात गल्लीच्या भजनी मंडळाची भजनं गच्च भरलेली, आणि त्यातला पहिला आवाज वारलेल्या रुक्माबाईंचा. तो पुसायला कुणाचा हात धजेना. नवीन घ्यायचा तर सोसायटीच्या नियमानं तीन दुकानांची कोटेशनं लागतात, आणि तिसरं दुकान नवरात्र झाल्याशिवाय कागद देणार नव्हतं. इंटरनेटवर पाठवावं तर वाचनालयात इंटरनेट घ्यायचं नाही, नाहीतर लोक वाचायचे थांबतील, असा आमचाच जुना ठराव आहे. (सूचक मी.) तेव्हा उरला एकच उपाय, दसऱ्यापर्यंत यंत्र बंदच करायचं नाही.

यात एक मेख निघाली. बंद करायचं नाही म्हणजे ज्या भाषेत सुरू होईल ती भाषा दसऱ्यापर्यंत कायम. तो दिवस मंगळवार होता. मराठी बाजू म्हणाली, बुधवारी सुरू करा. कन्नड बाजू म्हणाली, बुधवारी सुरू केलंत तर आम्ही गुरुवारी बंद पाडू. दोन तास काथ्याकूट झाला आणि मग मंडळाच्या इतिहासात प्रथमच एकमतानं ठराव झाला, की इंग्रजी ठेवावं. टाळ्यासुद्धा वाजल्या. माधवी त्यात मराठी पुस्तकं मराठीत आणि कन्नड पुस्तकं कन्नडमध्ये गुमान टाइप करत राहिली, त्याला कुणाची हरकत नव्हती. पुस्तकाच्या आत काय आहे यावरून आमच्याकडं कधीच भांडण होत नाही.

पुढचे अकरा दिवस अख्खी गल्ली यंत्राच्या राखणीला होती. सौरवनं झेरॉक्सच्या दुकानातला यूपीएस आणून लावला. पाळ्या लागल्या. दहा ते एक खुद्द जोतिबा आप्पा, दुपारी भरमाण्णा, आणि एकावर दुसऱ्याचा विश्वास नाही म्हणून प्रत्येकासोबत समोरच्या बाजूचा एक साक्षीदार. नुसतं बसून कंटाळा येतो म्हणून लोक हाताला लागेल ते पुस्तक उघडायला लागले. आप्पांनी आधी एक पंचांग संपवलं आणि मग एक कादंबरी धरली, जाडजूड, कुंकू लावायला निघालेल्या बाईचं चित्र असलेली. वाचनालय काढल्यापासून एवढी गर्दी मी पाहिलेली नाही. अष्टमीच्या संध्याकाळी माधवीनं शेवटचं पुस्तक घातलं. दोन हजार तीनशे सतरा! सौरव दसऱ्याला सकाळी प्रिंटर आणून छापून देणार होता. दाजी, त्या दिवशी मी घरी जाऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

आणि खंडेनवमीला घात झाला. सकाळी जो तो आपापल्या शेडमध्ये आयुधपूजेला. मागावर फुलं, कोहळा, नैवेद्य, हे तर तुम्हाला माहीतच आहे. राखणीला कुणी नाही. किल्ली चौकटीवरच्या खिळ्याला असते, म्हणजे अख्ख्या गल्लीच्या हातात असते. दुपारी माधवी गेली तर मेन स्विच खाली, यूपीएसही बंद आणि पडदा काळा. चालू केलं तर, कोणती भाषा? तीस, एकोणतीस, अठ्ठावीस. दोन हजार तीनशे सतरा पुस्तकं गेली. मराठी बाजू म्हणाली, हा कन्नड बाजूचा डाव आहे. कन्नड बाजू म्हणाली, मराठी बाजूनं आमच्यावर आळ घेण्यासाठी स्वतःच बंद केलं. माझं तर म्हणणं आहे की हे काम कुणातरी नीच, पाताळयंत्री आणि वाचनाचा द्वेष करणाऱ्या माणसाचं आहे, आणि तसं मी सभेत टेबलावर मूठ आपटून सांगितलं. दसऱ्याच्या सभेत दुसरा विषयच निघाला नाही. शेवटी ठराव झाला, की गुन्हेगार सापडेपर्यंत खोलीबद्दल कोणताही निर्णय घेऊ नये. चौकशी समिती नेमली आणि दोन्ही बाजूंना चालेल असा निःपक्षपाती माणूस म्हणून अध्यक्ष मला केलं. समितीच्या आजवर दोन बैठका झाल्या. अहवाल कोणत्या भाषेत लिहायचा, यावर चर्चा चालू आहे.

असो. रचनाचा परवा फोन आला होता. दिवाळीला येते, सोबत नवीन पेनड्राइव्ह आणते, तो लावला की तबकडीच्या सगळं लक्षात राहील आणि चार दिवसांत यादी पुरी करून देते, असं म्हणत होती. पोरीची माया बघा. तिला नक्की पाठवा. जयाबाई करंज्या करणार आहे. आक्काला नमस्कार, तुमच्या गुडघ्याला आराम.

तुमचा आज्ञाधारक,
नागेंद्र

ता. क. जयाबाई म्हणते, मागच्या वेळी आक्कानं नेलेला पितळी डबा परत पाठवा. मी म्हणत नाही, ती म्हणते.

ता. क. दुसरा. हे पोस्टात टाकायच्या आधी जयाबाईनं वाचलं, म्हणून वर निमंत्रण लिहिलं. खरं ते इथं लिहितो. रचनाला दिवाळीला पाठवू नका. काहीही सांगा, मामाला कांजिण्या झाल्या म्हणा. दाजी, तो मेन स्विच मी खाली केला. खंडेनवमीला पहाटे उठलो, अंघोळ केली, आणि घरात माग नाहीत म्हणून हात मोकळे वाटायला लागले. फुलं, हळदकुंकू, कोहळा घेतला आणि पाय आपोआप वाचनालयाकडं वळले. चालत्या यंत्राची पूजा करत नाहीत, हे मला बापानं सातव्या वर्षी शिकवलं. स्विच खाली केला, यूपीएसचंही बटण बंद केलं, यंत्र पुसलं, पाच बोटं कुंकू लावलं, उंबऱ्यावर कोहळा फोडला, डोळे मिटून हात जोडले, आणि हात जोडलेल्या अवस्थेतच मला आठवलं. तिथंच मटकन बसलो, कंबर धरली ती तेव्हापासून. दुपारी फुलं सगळ्यांनी बघितली, पण त्या दिवशी गल्लीत प्रत्येक यंत्रावर फुलं होती, त्यामुळं तो पुरावा आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. सुनेचे अकरा दिवस मी पाण्यात घातले आणि तिच्याकडं बघायची मला लाज वाटते. रचना आली की सरळ विचारणार, मामा, बंद कुणी केलं? आणि त्या पोरीशी मला खोटं बोलता येत नाही. मी कबूल केलं की चौकशी संपली, चौकशी संपली की लगेच सभा, आणि यादी पुरी व्हायच्या आधी सभा म्हणजे खोली गेली.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात जोतिबा आप्पा वाचनालयात आले. दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाले, "नागेंद्र, त्या दिशी उंबऱ्यावर फोडलेला कोहळा म्या बघितलता. असला चार फाकी कोहळा गल्लीत तूच फोडतोस." मी म्हटलं, "आप्पा, उद्याच अहवाल देतो." तर म्हातारा माझ्यावर खेकसला, "कुनी मागितलाय तुला अहवाल? माझं माग गेल्या साली पोरानं भंगारात घातलं. चौकशी संपली आन हितं आरसा लागला, तर सकाळी उठून म्या जाऊ कुठं रं?" त्यांना खुर्ची दिली, आणि वर्तमानपत्राचं आतलं पान अजून माझ्याच हातात होतं, तेही दिलं.