आतली टेबलं

आबा, तुम्ही गेलात तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं. आता मी आजोबा आहे आणि अमेरिकेत एका गोदामात खोकी भरतो. मुलगा म्हणतो, बाबा, या वयात कशाला? पण घरी बसलं की माझा जीव घाबरा होतो. आम्ही राहतो त्या एडिसन गावाहून आमच्यातलाच एक जण गाडीने नेतो-आणतो. गोदामात आत टेबलं आहेत, तिथे एसी असतो, तिथे आपली, भारतातली माणसं. बाहेर धक्क्यावर ट्रक भरायला काळी माणसं. असा नियम कुठे लिहिलेला नाही. साहेब फक्त म्हणतो, तुम्ही लोक शांत, तुम्ही आतच बरे. उन्हाळ्यात ट्रकच्या पोटात नुसती भट्टी होते. या जुलैत तिथे एक माणूस कोसळला. त्याला उचलून नेलं आणि ट्रक भरणं चालूच राहिलं.

त्या धक्क्यावरचीच एक बाई युनियन उभी करते आहे. काळी, माझ्या मुलीच्या वयाची, आवाज खणखणीत. मला अंकल म्हणते. तिची पहिली मागणी पगाराची नाही. आतलं आणि बाहेरचं काम सगळ्यांनी पाळीपाळीने करायचं, ही आहे. जेवताना आपल्यातला नागपूरचा एक जण भडकला. "काका, ऐकलं का? आता आपल्याला उन्हात उभं करणार! त्या लोकांना कामच नको असतं, यार." सगळे हसले. मीही हसलो, आबा, आणि डबा बंद केला.

कारण मला सोलापूरची गिरणी आठवली. तुम्ही सूत कातायच्या खात्यात. विणकामात पगार जास्त, पण आपल्या जातीला तिथे मज्जाव. मागावरच्या धोट्यातून सुताचं टोक तोंडाने ओढावं लागायचं, आणि आपल्या तोंडचं सूत विणकरांना चालत नव्हतं. मालकाला ते सोयीचंच होतं. संपाच्या सभेत तुम्ही उठून म्हणालात, ते खातं आम्हालाही उघडा, ही मागणी घाला. विणकर ओरडले, "आधी संप जिंकू, तुमचं मग बघू!" तुम्ही घरी येता, भिंतीला टेकून बसता, आईने वाढलेलं ताट सरकवता. मी म्हणतो, मग संप मोडा ना. तुम्ही माझ्याकडे असं बघता की मी आईच्या मागे जातो. "संप आपलाही आहे," तुम्ही म्हणता. "म्हणून तर मागायचं."

आता विणकरांच्या जागी मी बसलोय.

काल जेवणाच्या खोलीत सभा होती. त्याआधी ती बाई माझ्याकडे आली. "अंकल, तुम्ही हात वर केलात तर तुमची माणसं करतील."

"माझे गुडघे..."

"तुमच्या वयाच्या माणसाला बाहेर पाठवू देणार नाही मी. फक्त हात हवा."

साहेब दारात हाताची घडी घालून उभा होता. मला मुलाचं घर दिसलं, नातीची शाळा दिसली. कुठलाही संबंध नव्हता, तरी दिसलं. तिने विचारलं, पाळीच्या बाजूने कोण? धक्क्यावरचे सगळे हात वर गेले. आमच्या टेबलावर सगळे डब्यात बघत होते. मी हात वर केला, आबा. खरंच केला. मग साहेबाने मान वळवली आणि मी त्याच हाताने कान खाजवला.

तिने माझा हात मोजला की नाही, मला माहीत नाही. आज ती दिसली, मी विचारलं नाही. मोजला नसेल तर बरं, असंही वाटतं.